चार बोटं मार्जिन

गफ्फारचाचांनी शिवलेली पॅन्ट बाहेरून कशी दिसते हे आमच्या जवळा बाजार गावात कुणी बघत नाही. पोरं ती आधी उलटी करतात, कमरेची मागची शिवण चाचपतात आणि आत जास्तीचं कापड किती सोडलंय ते बघतात. टेलर लोक त्याला मार्जिन म्हणतात. पुढे अंग भरलं तर शिवण उसवून पॅन्ट ढिली करता यावी, एवढाच त्याचा उपयोग. बाकीचे टेलर सगळ्यांना सारखंच ठेवतात. चाचा मात्र गिऱ्हाईक कुठल्या नोकरीच्या मागे आहे ते विचारून ठेवतात.

कारण नोकरी लागली की पोट सुटतं, असा त्यांचा सिद्धांत आहे.

"पोलिसात चाललास? दोन बोटं बास. पळापळीचं काम हाय. मास्तर व्हायचंय? तीन. बँक म्हणतोस? मंग चार ठिवतो बाबा, दिवसभर बसून ऱ्हायचं हाय तुला."

झालं असं, की चार बोटंवाल्या एकदोघांना खरंच नोकऱ्या लागल्या. मग गावात पक्कं झालं की चाचांना आधीच कळतं. ज्याच्या पॅन्टमध्ये बोटभरच कापड निघालं, त्याच्या घरात सुतक. एका पोराची आई तर भर बाजाराच्या दिवशी भांडायला आली. "माह्या लेकरानं काय वाकडं केलं व्हतं तुमचं? वाढवा की जरासं कापड!" चाचांनी शिवण उसवून आत कापडाची एक पट्टी जोडून दिली. नोकरी काही लागली नाही, पण बाई आजही त्यांना लांबून हात जोडते.

ज्याला लागते तो वर्षाच्या आत परत येतो, पोट पुढे घेऊन. चाचा त्याची पॅन्ट फुकटात ढिली करून देतात आणि वर आम्हा सगळ्यांना चहा पाजतात. जुन्या शिवणीची एक फिकट रेघ कापडावर राहते. ती इस्त्रीनंही जात नाही. चाचा त्या रेघेवरून अंगठा फिरवतात आणि पोराच्या पाठीत एक धपाटा घालतात.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधे नुसता पत्रा. पोरं माझ्याकडे फॉर्म भरतात आणि चाचांकडे माप देतात. गावातल्या बेरोजगारीवर दोन चुली पेटतात, त्यातली एक माझी. बेरोजगारी हटली पाहिजे असं मीही म्हणतो, पण जरा हळू आवाजात.

चाचांना एका जागी बसवत नाही. ही टेलरच्या पोटावर मारणारीच सवय, पण काय करता? एक खिसा शिवला की उठले. गळ्यात टेप, हातात कात्री, आणि थेट माझ्या काउंटरपुढे फेऱ्या. उभ्या उभ्या वाद सुरू. वाद जन्मभर एकच.

"काम लई हाय, गजू. काम करणारे न्हाईत. तिकडं वसमतला हळद शिजवायला माणूस भेटंना, अन् इकडं पोरं मोबाइल घासून राहिलेत. लाज काहून वाटावी कामाची?"

त्यांना तोंड देणारा एकच, तांड्यावरचा गोविंद राठोड. पोरगा रोज पहाटे औंढ्याच्या रस्त्यावर पळतो. पोलीस भरतीवाला, दोन बोटांचा. एकदा तो फॉर्म भरायला आला असताना दोघांची चांगलीच जुंपली.

"चाचा, हळद म्या बी शिजवलीय. हळद संपली की काम संपलं. मंग पुढं काय खावं?"

"पुढं दुसरं काम."

"ते संपलं की?"

"तिसरं! बसून ऱ्हायापेक्षा बरं की न्हाई?"

गोविंदानं माझ्याकडे पाहून डोळा मारला आणि शांतपणे विचारलं, "व्हय, बराबर हाय. मंग आरिफभाईला काहून धाडत न्हाई तुमी?"

चाचांच्या फेऱ्या थांबल्या. त्यांनी गळ्यातला टेप ओढला आणि गोविंदाच्या कमरेला गुंडाळला. माप आठवड्यापूर्वीच घेतलं होतं. तरी पुन्हा घेतलं, आणि आत गेले.

आरिफ हा चाचांचा एकुलता एक मुलगा. बी.एस्सी., बी.एड. स्वभावानं गरीब, अक्षर मोत्यासारखं. सगळ्या जगाला कुठलंही काम करायला सांगणारे चाचा या एका माणसाला काही करू देत नसत. हळदीला नाही, दुकानदारीला नाही, आणि शिलाई मशीनला तर हातसुद्धा नाही. लहानपणापासून बघून बघून पोराला सगळं शिवता येत होतं. पण तो स्टुलावर टेकला रे टेकला की पत्र्यापलीकडून आवाज यायचा, "उठ! मास्तर होनेवाला है तू." कुणी विचारलं, पोरगं काय करतंय, तर उत्तर ठरलेलं. "लागतंयच आता." वसमतच्या एका मुलीच्या बापालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. दोन वर्षं वाट बघून त्यानं मुलगी दुसरीकडे दिली.

मी एकदा म्हणालो, "चाचा, बसू द्या की त्याला मशीनवर."

"इथं काय ऱ्हायलंय?" चाचा उसळले. "गिऱ्हाईक तयार पॅन्ट घेऊन येतंय, अन् म्हणतंय खालून कापून द्या. आता कापड शिवतो कुठं म्या? लोकाचं कापूनच देऊन राहिलो."

आरिफच्या मुलाखतीच्या पॅन्टला अर्थातच चार बोटं मार्जिन होतं. मास्तरला तीन, पण मुलाला एक बोट जास्त. मुलाखती होत गेल्या आणि आरिफ वाळत गेला. चाचा दरवेळी पॅन्ट आत घ्यायचे, पण जास्तीचं कापड कापायचे नाहीत. शेवटी आत एवढा गठ्ठा झाला, की पोरगा उशी बांधल्यासारखा चालायचा. मी म्हणालो, कापून टाका की. चाचा म्हणाले, "कापलेलं कापड वाढत न्हाई, गजू."

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आरिफ नेहमीसारखा फॉर्म भरायला आला. मी जन्मतारीख टाकली आणि पुढचं पान उघडेना. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. वयाची मर्यादा उलटली होती. तसं मी त्याला सांगितलं. आरिफनं स्वतः एकदा तारीख टाकून बघितली. मग हसला. "चला गजूभाऊ, एक काम तर संपलं," म्हणाला. "अब्बांना मीच सांगतो."

पण सांगणं त्याला जमलं नाही. त्याच आठवड्यात चाचा भाच्याच्या लग्नाला वसमतला गेले. इकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच पडून. आरिफनं शटर वर केलं आणि मशीनवर बसला. दोन दिवस पत्र्यापलीकडून एकसारखा आवाज येत होता. मधे उठणं नाही, फेऱ्या नाहीत. शेजारी राहून इतकं सलग मशीन मी कधी ऐकलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा एसटीतून उतरले. पिशवी हातात, आणि रस्त्यातच थबकले.

"मशीनवर कोण हाय?" त्यांनी मला विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आरिफ." मग म्हटलं, आता लपवून काय उपयोग? "चाचा, त्याचा फॉर्म आता भरता येत नाही. वय गेलं."

"दुसऱ्या खात्यात बघ की."

"मास्तरकीचं तर गेलंच. बाकीच्या खात्यांतही बघितलं. नाही."

चाचा माझ्या काउंटरपुढे फेऱ्या मारू लागले. पिशवी हातात तशीच. वाद घालायला समोर कुणी नव्हतं. नुसते इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला फार वाईट वाटलं, आणि उठून त्यांचा हात धरावा हेही सुचलं नाही. मग एकाएकी ते आत शिरले.

"उठ," त्यांचा आवाज आला.

मशीन थांबलं. आता भांडण पेटणार, म्हणून मी धावत दाराशी गेलो. आरिफ मान खाली घालून उभा होता. चाचांनी खुंटीवरची त्याची मुलाखतीची पॅन्ट काढली, स्टुलावर बसले आणि ब्लेडनं मागची शिवण उसवायला घेतली. एक शिवण, मग तिच्या आतली दुसरी, मग तिसरी. इतक्या वर्षांच्या शिवणी निघत होत्या. शेवटी सगळं कापड मोकळं झालं, आणि त्यावर एकाशेजारी एक अशा फिकट रेघाच रेघा. चाचांनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला, कडेला एक नवी शिवण मारली आणि पॅन्ट मुलाच्या अंगावर टाकली. "पहन."

आरिफ पडद्यामागून आला तो दोन्ही हातांनी कंबर धरून. आत आणखी एक आरिफ मावला असता.

"अब्बा, बहुत ढीली हो गई."

"होने दे," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. "काम लग गया ना? भर जाती आहिस्ता आहिस्ता."

मग माझ्याकडे न बघताच त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं.