शिरस्त्राण निवड उपसमिती

विरार पूर्वेला चंदनसार भागातील 'नवप्रभात' सोसायटीच्या जिन्यातील छताचा एक पोपडा सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता निखळला आणि सचिव मितेश राऊत यांच्या खांद्याला चाटून खाली पडला. गुरुवारच्या तातडीच्या सभेत दोन पर्याय पुढे आले. पहिला, बाहेरच्या भिंतींसह छताची दुरुस्ती. म्हणजे आठ महिने खिडक्यांसमोर परांची, घरभर धूळ आणि कपडे वाळत घालण्याची पंचाईत. दुसरा, सर्वांनी हेल्मेट घालावे. दुसरा पर्याय टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

कोणते हेल्मेट, एवढाच प्रश्न उरला आणि तिथे सदानंद पाटणकरांचे नशीब उघडले.

सदानंदराव वसईतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षे हेल्मेटांची चाचणी करत होते. उंचावरून लोखंडी वजन सोडायचे आणि हेल्मेटचे काय झाले ते वहीत लिहायचे. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काहीच विचारले नव्हते. म्हणून निवड उपसमितीसाठी मितेश दारात येऊन, "काका, या विषयात तुमच्याशिवाय आहे कोण?" असे म्हणाला, तेव्हा ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालूनच बाहेर आले. त्यांच्या पत्नी वसुंधराबाईंनी, त्यापेक्षा छतच का दुरुस्त करत नाही, असे विचारून पाहिले. तो विषय उपसमितीच्या कक्षेत येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

लोकांनी आधी घरातली स्कूटरची हेल्मेटे चढवली. सदानंदरावांनी ती नामंजूर केली. स्कूटरचे हेल्मेट रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्यासाठी असते, डोक्यावर आपटणाऱ्या इमारतीसाठी नव्हे, असे त्यांनी सूचनाफलकावर लिहिले. शिवाय त्यात कान झाकले जातात, त्यामुळे 'बाजूला व्हा' ही हाक ऐकूच येत नाही. मग बांधकामावरची पिवळी हेल्मेटे आली. त्यांच्या आत पट्ट्यांची जाळी असते, टाळू आणि वरचे कवच यांत दोन बोटांचे अंतर राहते आणि वरून बसलेला मार पट्ट्यांवर पसरतो. पण पार्किंगमध्ये पडलेला पोपडा फरशीवरून उसळून तोंडावर येई. तिथे क्रिकेटचे जाळीवाले हेल्मेट सक्तीचे झाले. गच्चीवर ऊन, म्हणून तिथे सायकलवाल्यांचे भोकाभोकांचे. तळमजल्यावर 'शिरस्त्राण बदल केंद्र' उघडले. जमा, बदल आणि नोंद यांत वीस मिनिटे जात. कामावर उशिरा पोहोचणाऱ्यांना सचिवांच्या सहीचा दाखला मिळे.

अडचण आली ती धोंडूबाईंची. त्या निर्मळहून केळी घेऊन येत आणि टोपलीखाली हेल्मेट घालायला तयार नव्हत्या. सदानंदरावांनी खास चाचणी घेतली. भरल्या टोपलीखाली कापडाची चुंबळ ठेवून वरून वीट सोडली. केळ्यांचा लगदा झाला, चुंबळ मात्र जागची हलली नाही. 'समाधानकारक' असा शेरा मारून त्यांनी चुंबळीला मान्यता दिली.

धोंडूबाई लगद्याकडे पाहत म्हणाल्या, "दादा, पानी कुठं मुरतंय ते बघा ना आधी. डोकी काय झाकताय?"

हे विधान इतिवृत्तात 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली नोंदवण्यात आले.

पुढच्याच रविवारी, वसुंधराबाई जिना उतरत असताना पाट्याएवढा तुकडा त्यांच्या डोक्यावर कोसळला. सदानंदराव धावले. बाई पायरीवर बसल्या होत्या. मान आखडली होती, बाकी ठीक होते. हेल्मेटला पुढून मागपर्यंत चीर गेली होती. कारखान्यात असे हेल्मेट हाती आले की ते 'पुन्हा वापरू नये' लिहून पुढचे उचलत. आज त्यांनी त्या चिरेवरून बोट फिरवून पाहिले.

"हे टाकून नवं आणाल," वसुंधराबाई म्हणाल्या. "छत तेच राहील."

त्या आठवड्याच्या सभेत सदानंदराव उभे राहिले. "हेल्मेट हा शेवटचा उपाय असतो," ते म्हणाले. "आधीचं सगळं करून झालं की त्याचं काम. आपण आधीचं काहीच केलेलं नाही. परांची बांधा."

सभागृह गंभीर झाले. मग मितेश बोलायला उठला. पतीच्या ज्ञानाने पत्नीचे प्राण वाचले, योजना यशस्वी झाल्याचा याहून मोठा पुरावा कोणता, असे त्याने विचारले. धोका उरला नसल्यामुळे दुरुस्तीचा विषय कायमचा वगळावा, असेही सुचवले. ठराव एकमताने मंजूर झाला. शाल आली, नारळ आला, नव्वद माणसे हेल्मेटांसह उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

सदानंदरावांना नको म्हणायचे होते. शब्द ओठांवर आलाही होता. पण एकतीस वर्षांत त्यांच्यासाठी टाळी वाजल्याचे त्यांना आठवेना. त्यांनी मान वाकवली आणि शाल घेतली.

वसुंधराबाई त्याच संध्याकाळी माणिकपूरला बहिणीकडे गेल्या. परांची उभी राहिली की कळवा, येते, एवढेच सांगून गेल्या. सदानंदराव आता स्वतःचा चहा स्वतः करतात, पिवळे हेल्मेट घालून, कारण स्वयंपाकघराच्या छतालाही फुगवटा आला आहे. चहा त्यांना गोड लागत नाही. साखर किती घालायची, हे त्यांना कधी माहीतच नव्हते.

वाचकहो, हसायचे तर हसा, पण जरा मानही वर करा. ओलीचा तो डाग तुमच्याही छताला आहे. त्याच्याखालची खुर्ची मात्र तुम्ही केव्हाच सरकवली आहे.