आईला कुठली हवा मानवेल

आई नव्या बाथरूममध्ये घसरून पडली, तेव्हा तिचे दोन्ही मुलगे बाहेरच्या खोलीत कुठल्या देशात राहणं जास्त सुखाचं यावर वाद घालत होते. त्यामुळे तिच्या पहिल्या दोन हाका कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. तिसरी हाक तिने मारली नाही. वाद संपायची वाट बघत ती ओल्या फरशीवर पडून राहिली.

वाद जुनाच होता. परदेशात स्थायिक झालेला धाकटा सुट्टीवर घरी आला, की बॅग उघडायच्या आधी तोंड उघडायचा. तिकडे नळाचं पाणी थेट पितात, तिकडे बस वेळेवर येते, तिकडे रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नाही. थोरला आईला सांभाळायचा, म्हणजे बायकोमुलांसह आईच्या घरात राहायचा. तोही ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. इकडे ताप आला की तासाभरात डॉक्टर गाठता येतो, इकडे शेजारी हाकेला धावून येतात, इकडे माणसाला स्वतःची भांडी स्वतः घासावी लागत नाहीत. भांडी आई घासायची, पण मुद्दा खोटा नव्हता.

नवं बाथरूम हे याच वादाचं अपत्य. मागच्या खेपेला धाकटा म्हणाला होता की तुमच्या बाथरूममध्ये पाय ठेवायची किळस येते. थोरल्याला ते झोंबलं. त्याने जुनी खरखरीत फरशी उखडून आरशासारखी गुळगुळीत फरशी बसवून घेतली. या खेपेला धाकट्याने ती वाकून पाहिली आणि तिकडे असली फरशी बाथरूममध्ये बसवूच देत नाहीत, असं सांगितलं. त्यावरून दोघांची जुंपली होती. तेवढ्यात आई पडली.

थोरल्या सुनेने तिला पाहिलं आणि मग धावपळ झाली. अँब्युलन्स येईना, तेव्हा तिकडे ती किती चटकन येते हे धाकट्याने सांगितलं. तिकडे तिचं बिल किती येतं, हे थोरल्याने विचारलं. अँब्युलन्स आली, तर स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. शेवटी आईला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवायचं ठरलं. तिकडे जिने किती रुंद असतात हे धाकटा सांगू लागला, तेव्हा खुर्ची धरलेला अँब्युलन्सवाला म्हणाला, "साहेब, ते नंतर. आधी ही बाजू उचला."

हॉस्पिटलात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्याने एक्स-रे उजेडावर धरून पाहिला. खुब्याच्या हाडात एक रेघ दिसत होती. मोठे डॉक्टर उद्या रजेवरून येतील, तेच नक्की सांगतील, पण बहुतेक ऑपरेशन लागेल, असं तो म्हणाला. त्यानंतर बरेच महिने अंथरूण. पुढेही यांना एकटं ठेवता येईलसं वाटत नाही. "यांचं सगळं करायला घरी कोण असतं?" त्याने सहज विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो पुढच्या पेशंटकडे गेला.

मग थोरल्याने घसा साफ केला.

"काही म्हण, पण तिकडच्या हॉस्पिटलांची सर इकडे नाही."

धाकट्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तो भांडला होता, तेच आता त्याला खोडून काढायचं होतं.

"तसं काही नाही रे," तो घाईघाईने म्हणाला. "तिकडे साधा डॉक्टर भेटायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. इकडे कसं, आपली माणसं आहेत."

मग दोघांनी एकमेकांच्या देशाची जी तरफदारी केली, ती दोन्हीकडच्या सरकारांनाही जमली नसती. थोरला म्हणाला, इथली हवा श्वास घ्यायच्या लायकीची उरली नाही. धाकटा म्हणाला, जन्मभर धुराची सवय असलेल्या माणसाला एकदम स्वच्छ हवा बाधते. थोरल्याने तिकडच्या व्हीलचेअर चढणाऱ्या बसचं कौतुक केलं, आणि ती बस बर्फात कशी अडकते हे धाकट्याने सांगितलं. थोरल्या सुनेला आपली कंबर आठवली. धाकट्या सुनेने तिकडून फोनवर कळवलं की घर तसं लहानच आहे. कालपर्यंत त्या घरात पाहुण्यांची वेगळी खोली होती.

आई डोळे मिटून पडली होती. इंजेक्शनने तिला झोप लागली असणार, असं सगळे धरून चालले होते. एकदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा सून म्हणाली, दुखत असेल बिचारीला.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. त्यांनी एक्स-रे पाहिला, आईचा पाय हळूहळू वाकवून पाहिला आणि मान हलवली.

"ही रेघ जुनी आहे. आजी, पूर्वी कधी जोरात पडला होता का?"

"पडले असेन," आई म्हणाली. "हे दोघं लहान होते. तेव्हा बघायला सवड नव्हती."

डॉक्टर हसले. आत्ता नुसता मुका मार आहे, थोडी विश्रांती घेतली की आजी पूर्वीसारख्या चालतील, घरातलं सगळं करू शकतील, असं त्यांनी मुलांना सांगितलं. उद्या घरी न्या.

थोरल्याने सुटकेचा निःश्वास सोडला. इथली माणसं, इथलं ऊन, आईला इथेच बरं वाटेल, तो म्हणाला. दोन दिवसांत घराची नुसती दैना झाली होती. धाकटा तिच्या उशाशी येऊन बसला. बाळंतपणाची रजा संपून त्याची बायको लवकरच कामावर रुजू होणार होती आणि तिकडची पाळणाघरं त्याला पसंत नव्हती. त्याने आईचा हात हातात घेतला. "आई, तिकडे चल तू. बघ कशी टुणटुणीत होतेस. तिकडची हवाच वेगळी." त्यावर थोरल्याने त्याला बर्फात अडकणाऱ्या त्याच बसची आठवण करून दिली, पण आता चिडून. वाद पुन्हा पूर्वीच्या जागी आला आणि दोघांचे आवाज चढले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

आईने हात सोडवून घेतला. डॉक्टर निघाले होते, त्यांच्या कोटाची बाही तिने धरली आणि त्यांना जवळ बोलावलं.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "तो फोटो परत एकदा बघता का? नीट बघा. कुठेतरी मोडलंच असेल."