हरिभाऊंच्या आठ लाख प्लेटलेट्स

हरिभाऊ सामंतांनी लॅबचा रिपोर्ट जिन्यातच उघडला आणि उभ्या उभ्या त्यांचा ऊर भरून आला. प्लेटलेट्स आठ लाख नव्वद हजार! शेजारी नेहमीचं प्रमाण दिलं होतं, दीड ते साडेचार लाख. म्हणजे जवळजवळ दुप्पट. आयुष्यभर काठावर पास होत आलेल्या माणसाला एवढे मार्क पहिल्यांदाच मिळत होते. आकडा ठळक अक्षरांत छापला होता. लॅबवाल्यांनाही कौतुक वाटलं असणार, असं हरिभाऊ धरून चालले. हिमोग्लोबिनचा आकडाही ठळकच होता, पण तो होता साडेसात. असल्या किरकोळ आकड्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीनं का बघावं?

ते साल डेंग्यूचं होतं. आचोळे भागात ज्याला त्याला प्लेटलेट्सचं ज्ञान झालं होतं. कुणाच्या किती उतरल्या हे बायकांना पाण्याच्या टँकरच्या वेळेइतकं पाठ होतं. तिसऱ्या मजल्यावरचा यतीन वीस हजारांवर येऊन इस्पितळात पडला होता आणि त्याच्यासाठी नंदाखाल गावच्या वाडीतून पपईची पानं येत होती. हरिभाऊंना मात्र साधा तापसुद्धा नव्हता. दोन जिने चढले की धाप लागायची, म्हणून त्यांच्या पत्नी जयवंतीबाईंनी त्यांना बळेच रक्त तपासायला धाडलं होतं.

"अहो, डॉक्टरांना दाखवा आधी," रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या.

"डॉक्टरकडे कमीवाले जातात. जास्तवाल्यानं कशाला जायचं?"

जास्तवाल्यानं त्याऐवजी रिपोर्टची झेरॉक्स काढली आणि सोसायटीच्या फळ्यावर लावली. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळलं. दुसऱ्या मजल्यावरचा परेश धावत वर आला.

"काका, एक नंबर! यतीनला प्लेटलेट्स हव्यात, डोनर शोधतायत. तुम्ही थोड्या दिल्या तर?"

"थोड्या कशाला? हव्या तेवढ्या घेऊ दे," हरिभाऊ म्हणाले. जणू परसातली केळीच वाटायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक निघाली. सोसायटीला भाजी पुरवणाऱ्या गास गावच्या क्लेमेंटनं टेम्पो आणला. परेशनं शाल घेतली, नारळ घेतला, शेजाऱ्यांपैकी सहा जण आणि एक कॅमेरा घेतला. जयवंतीबाईही टेम्पोत चढल्या. रक्तपेढीत डॉक्टर ज्ञानदा होत्या, हरिभाऊंच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हरिभाऊंच्या बोटाला सुई टोचली, थेंब तपासला, मग पुन्हा टोचली.

"काका, तुम्ही द्यायला आलात की घ्यायला?"

"द्यायला! आठ लाख नव्वद हजार आहेत!" हरिभाऊंनी रिपोर्ट पुढे केला.

डॉक्टरांनी तो वाचला आणि हरिभाऊंना आधी खुर्चीत बसवलं. "प्लेटलेट्स जास्त म्हणजे तब्येत जास्त चांगली, असं नसतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. एखादी मेंदूत अडकली तर लकवा, हृदयात अडकली तर ॲटॅक. आणि तुमच्या अंगात रक्तच निम्मं उरलंय. शरीरातलं लोह कमी पडलं, की कधी कधी प्लेटलेट्स अशा वाढतात. तुमचं रक्त कुठून तरी जातंय. कुठून जातंय?"

हरिभाऊंनी मागे पाहिलं. परेश शाल उलगडून उभा होता. क्लेमेंटच्या हातात नारळ होता. कॅमेरेवाल्यानं एक डोळा मिटला होता.

"डास फार आहेत हो आमच्याकडे," हरिभाऊ म्हणाले.

"काका, डासांनी एवढं रक्त जात नाही. कारण कळलं नाही तर उपचार कसले करू?"

हरिभाऊंनी खाली मान घातली. मेंदूतली गुठळी परवडली, ती निदान चारचौघांत सांगता येते, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. पण जयवंतीबाईंना विधवा व्हायची मुळीच हौस नव्हती.

"मूळव्याध आहे, डॉक्टर," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "चार वर्षं झाली. रक्त जातं. मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

परेशनं शालीची घडी घातली. क्लेमेंट म्हणाला, "अंकल, थोडा पानी पिऊन घ्या." मग त्यानंच बाही वर केली. त्याच्या प्लेटलेट्स यतीनला चालल्या आणि शालही त्याच्याच खांद्यावर पडली. हरिभाऊंना लोहाच्या गोळ्या, आणखी तपासण्या आणि ऑपरेशनसाठी सर्जनचा पत्ता मिळाला.

पुढचे तीन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. जिन्यात कुणी हसलं तरी आपल्यालाच हसलं असं त्यांना वाटे आणि जीव नकोसा होई. चौथ्या दिवशी ते सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहायला बसले, तोच बेल वाजली. परेश होता. त्यानं जिन्यात वर-खाली पाहिलं, आत आला आणि दार लावून घेतलं.

"बस ना."

"नको काका. उभाच बरा आहे." त्याचा आवाज अगदी खाली आला. "ते सर्जन कुठं बसतात? प्लीज, कुणाला बोलू नका. बायकोलाही माहीत नाहीये."

"रक्त जातं?"

"अधूनमधून."

हरिभाऊंना त्याची खरोखर कणव आली. "लेका, अंगावर काढू नकोस. उद्याच माझ्याबरोबर चल. आधी हिमोग्लोबिन बघून घेऊ. किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील."

हरिभाऊंनी राजीनाम्याचा कागद चुरगाळला आणि जमेल तेवढे ताठ बसले.

"दोनच?" ते म्हणाले. "माझी चार."