तात्या उतेकरांवर चढणार कोण?

तुम्ही बाजारात घासाघीस करून कोकमं शंभरावरून ऐंशीवर आणलीत आणि तेवढ्यात मागून कोणी "नव्वद!" असं ओरडलं, तर समजावं, उतेकरतात्या आले. तात्यांना कोकमं नको असतात. भाव एकाच्याच तोंडून ठरलेला त्यांना बघवत नाही, एवढंच. "बोली अशी एकटी पडू देऊ नये, वैनी," असं सांगून ते निघून जातात आणि कोकमवाली मला ऐंशीत द्यायला तयार होत नाही.

पोलादपूरला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. तात्या मागच्या खोलीत राहतात. महाडच्या एमआयडीसीत बॉयलरवर होते, आता निवृत्त. बायको गेली, मुलगा डोंबिवलीला. त्यांची मूळ वाडी वर डोंगरात आहे आणि बोलीचं वेड तिथलंच.

शिमग्याला वाडीत पालखी बसली की देवापुढच्या नारळांचा लिलाव होतो. एकाने बोलायचं, दुसऱ्याने चढायचं, तिसऱ्याने दोघांची टर उडवायची. साधा नारळ हजारावर जातो. पैसे लगेच द्यायचे नसतात, ते पुढच्या शिमग्याला आणून द्यायचे. तात्या तिथे बोली सुरू करून द्यायचे. जिंकायचं दुसऱ्याने.

गेल्या वर्षी मुलाने त्यांना जुना मोबाइल दिला. त्यात तात्यांना जुन्या वस्तूंच्या लिलावाचं कुठलंसं ॲप सापडलं आणि आमची दुपारची झोप संपली. "वैनी, चढला! कोल्हापूरवाला चढला!" भिंतीपलीकडून आवाज यायचा. तबला-डग्गा, ट्रॅक्टरचे टायर, लग्नातला सोफा. तात्या बोलायचे, कोणीतरी वर चढायचं आणि हरलेले तात्या आनंदाने माझ्याकडे चहाला यायचे. हरल्यावर माणूस एवढा खूश का, हे मला कधी कळलं नाही.

मग एका दुपारी ते गल्ल्यासमोर येऊन नुसतेच उभे राहिले.

"वैनी, घोळ झाला. कोण चढलाच नाय."

मी मोबाइल हातात घेतला. 'अभिनंदन! आपण लिलाव जिंकला आहे.' खाली दातांच्या डॉक्टरची खुर्ची होती. दिव्यासकट. तात्यांच्या तोंडात कवळी आहे, तीही ते फक्त जेवताना लावतात.

"ही कशाला घेतलीत?"

"घेतली नाय वो! तिच्यावर कोण बोलतच नव्हता. बिचारी तशीच पडून होती. म्हटलं, सुरू करून देऊ."

"अकरा हजार एकला?"

"एक शकुनाचा."

मी कपाळाला हात लावला. तात्या मात्र सावरले. "त्यात काय! पैसं पुढच्या शिमग्याला देऊ की."

मी त्यांना नियम वाचून दाखवले. जिंकलेल्या माणसाने आठवड्यात पैसे भरायचे. माल आणण्याचा खर्च वेगळा. पैसे भरले नाहीत तर खातं कायमचं बंद. तात्यांनी विचारलं, म्हणजे नक्की काय? मी परत वाचलं. मग आमच्या ह्यांनी वाचलं आणि त्यांनी तिसराच अर्थ काढला. शेवटी मी सरळ खुर्ची विकणाऱ्या वाईच्या डॉक्टरांनाच फोन लावला.

"माझी खुर्ची खरंच कोणीतरी घेतली?" डॉक्टरच गोंधळले. मी सगळं सांगितल्यावर हसले. "राहू द्या हो. दवाखाना बंद केलाय, खुर्ची पडलीय. माझी काही तक्रार नाही. फक्त तुमच्या तात्यांचं खातं बंद होईल, तो नियम माझ्या हातात नाही."

मी फोन ठेवला आणि तात्यांना म्हटलं, सुटलात. पैसे वाचले, वर खातंही बंद, म्हणजे पुन्हा हा घोळ नाही.

संध्याकाळी तात्यांनी पैसे भरून टाकले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, माणूस सोडतोय तुम्हाला! पेन्शन काय झाडाला लागते? पैसे भरलेत कशाला?"

"खातं बंद झालं तर माझ्यावर चढणार कोण?"

मला वाटलं, थट्टा करतायत. तात्या टेबलावरच्या खिळ्यांच्या पुडीशी चाळा करत राहिले.

"गेल्या शिमग्याला तुमाला पिशवीभर नारळ दिलं होतं ना?"

दिले होते. मी त्यांच्या वड्या केल्या होत्या.

"मी बोललो न् कोण चढलाच नाय. वाडीत आता घरापरीस कुलपं जास्त. जी म्हातारी हायत, त्यांना ऐकू येत नाय. गुरव बिचारा वाट बघत ऱ्हायला. म्हणाला, तात्या, कोण नाय हो. सगळं नारळ माझ्यावरच सुटलं." मग ते एकदम म्हणाले, "वड्या बऱ्या झाल्या होत्या पण."

गिऱ्हाईक आलं होतं, त्याला प्रायमर दिला.

खुर्ची आंबेनळी घाट उतरून टेम्पोने आली. खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून ओटीवरच आहे. तिची पाठ वर-खाली करायचा दांडा अर्ध्यात अडकलाय, त्यामुळे तात्या तिच्यात आडवे होऊन, वासे बघत बोली लावतात.

यंदा शिमग्याला मी त्यांच्या वाडीत गेले. देवळाला आमच्याच दुकानातला रंग दिलाय, तो कसा बसलाय ते बघून येते, असं घरी सांगितलं. रंग बरा बसला होता. पालखीपुढे मोजकी म्हातारी माणसं बसली होती. गुरवाने नारळ उचलला. तात्यांनी खाकरून सुरुवात केली, "एकावन्न!"

कोणी हललं नाही. गुरव इकडेतिकडे बघायला लागला.

"एकशे एक," मी म्हटलं.

गुरव गडबडला. "बाईमाणसाची बोली... चालते काय?"

"आवाज हाय ना तिला? मग चालते!" तात्या उठून उभे राहिले. "दोनशे एक!"

"तीनशे एक."

"पाचशे एक! रंगवाल्यांचा गल्ला एवढाच काय गो?"

मला आजवर त्यांनी कधी गो म्हटलं नव्हतं. म्हातारे हसायला लागले. एकजण कानामागे हात धरून विचारत होता, "कितीला गेला? कितीला?" मी सातशे म्हटलं, तात्या नऊशे. मी चिडून हजार एक म्हटलं आणि तात्यांकडे बघितलं.

तात्या खाली बसले.

"अहो, चढा की!"

त्यांनी नकाराची मान हलवली. गुरवाने तीन वार म्हणून नारळ माझ्या हातात दिला. तोही लहानसा, आतून वाजणारा. बाजारात तीस रुपयांच्या वर मी घेतला नसता. पर्स उघडली तर आत जेमतेम दोनशे.

"ऱ्हाऊ दे, वैनी," तात्या म्हणाले. "पैसं पुढच्या शिमग्याला आणायचं. इथं येऊनच द्यायचं असतं."