सिस्टरबाईंची खालची खोली

घर विकत घ्यायला निघालेलं माणूस कागदपत्रं पाहतं, भिंती पाहतं, रस्ता किती रुंद आहे ते विचारतं. सिस्टरबाई बादलीभर पाणी मागायच्या. ते पाणी न्हाणीत ओतायचं आणि उंबऱ्यावर बसून ते कुठं जातं हे बघत राहायचं. मालक बिचारा शेजारी उभा राहून घर कसं पूर्वेच्या तोंडाचं आहे ते सांगत असायचा. यांचं लक्ष नाही. पाणी कोपऱ्यात साचलं की या उठायच्या, पदर झटकायच्या आणि म्हणायच्या, "घर चांगलं आहे हो. पन पानी थांबून राह्यलं." झालं, व्यवहार मोडला. कारंज्यातली कितीतरी घरं त्यांनी अशी एकेका बादलीत नापास केली. दलाल तर त्यांना पाहिलं की चहाचा कप घेऊन टपरीच्या आत सरकायचे.

सिस्टरबाई म्हणजे निर्मलाबाई. आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. सारी नोकरी खेड्यांवर गेली आणि सारा जन्म दुसऱ्यांच्या खोल्यांत. नवरा लवकर गेला, मुलगा शिकून पुण्याला स्थायिक झाला. निवृत्त झाल्यावर बाईंनी ठरवलं, आता आपण घर घ्यायचं आणि त्यातलं अर्धं भाड्यानं द्यायचं. मुलाला हा विचार पसंत नव्हता.

"आई, पुण्यात फ्लॅट घे. भाडं आपोआप खात्यात येईल. भाडेकरूचं तोंडसुद्धा पाहावं लागणार नाही."

"मंग घ्याचं कायले?" बाई म्हणाल्या.

शेवटी बाजारामागच्या गल्लीतलं एक जुनं घर बादलीच्या परीक्षेत पास झालं. बाकी सगळं त्यात नापासच होतं. छत गळत होतं, भिंतींना ओल होती, वायरिंग तर हात लावायच्या लायकीचं नव्हतं. बाईंनी रफिकभाई मिस्त्रींना बोलावलं आणि डागडुजी सुरू केली. वर स्वतः राहायचं, खाली भाडेकरू. मुलानं फोनवर फोटो पाठवून चकचकीत फरशी पसंत केली. आईनं ती बसवून घेतली.

नेमकी त्याच दिवसांत माझी बँकेतली बदली अमरावतीहून कारंज्याला झाली. मी, सुनीता आणि बाबा. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं जड झालं होतं. खोल्या पुष्कळ होत्या, पण बाबांना पाहिलं की मालकाला एकदम पुतण्याचं लग्न आठवायचं आणि खोली घरच्यांनाच लागायची. एका मालकानं मात्र सरळ सांगितलं, "साहेब, राग नका मानू. उद्या इथं काई झालं तर मागून खोली कोन घेईन?" बाबा तेव्हा रिक्षातच बसलेले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं.

मग रिक्षा सिस्टरबाईंच्या दारात थांबली. त्यांनी मला काही विचारलंच नाही. नोकरी नाही, जात नाही, मांसाहार नाही. त्या रिक्षापाशी गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "बाबा, चालताना आधी कोनता पाय टाकता?"

आजारी पडल्यापासून लोक बाबांबद्दल मलाच विचारायचे. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "डा...वा."

"अन् उजवा वढता?"

"वढतो."

"चार रोज थांबा. खोली तयार नाई."

"तयार तर दिसते," मी म्हणालो. नवी फरशी आरशासारखी चमकत होती.

"तुमाले दिसते."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विनवणी करायला गेलो आणि दारातच थबकलो. बाईंनी आपल्या उजव्या पायाला फळी बांधून घेतली होती, गुडघा वाकू नये म्हणून. उजवा हात पदरानं कमरेशी आवळलेला. डाव्या हातात काठी. अशा थाटात त्या खाटेपासून न्हाणीपर्यंत निघाल्या होत्या. रफिकभाई मागून हात पसरून चालत होते, जसं काही रांगतं मूल पहिल्यांदा उभं राहिलंय.

"बाई, पडसान तुमी!"

"पडून पाहाचंच आहे ना मले."

आणि पडल्याच. न्हाणीच्या दारात काठी सरकली, रफिकभाईंनी खांदा धरला म्हणून डोकं वाचलं. बाई तशाच बसल्या बसल्या म्हणाल्या, "रफिकभाई, फरशी फोडा."

"या अल्ला! कालच तर लावली, बाई. शिमिट बी सुकलं नाई."

"म्हनूनच आज फोडा. सुकल्यावर मेहनत जास्त लागन."

फरशी फोडली. त्या जागी खरबरीत फरशी आली, न्हाणीचा उंबरा गेला, दार रुंद झालं, आणि भिंतीला एक लोखंडी दांडी बसली, बरोबर बाबांच्या डाव्या हाताला येईल अशी. आम्ही राहायला आलो.

रोज सकाळी सिस्टरबाई "नळ पाहाले आली" म्हणून खाली यायच्या. नळाकडे एकदा पाहायच्या आणि बाबांशी भांडायला बसायच्या. बाबांना चहात साखर जास्त लागायची, यांना ती नर्सच्या नजरेनं खपायची नाही. बाबा शेतकरी माणूस. कपाशी मोडून सगळे सोयाबीनच्या मागे लागले यावर त्यांचा राग. तो राग जिभेवर यायला फार वेळ लागायचा. मी आणि सुनीता घाईनं त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचो. सिस्टरबाई हात वर करायच्या. "थांबा. ते बोलून राह्यले." मग सगळे थांबायचे. बाबांचं वाक्य कडेला लागलं की बाई ठणकावून सांगायच्या, "हे मले अजिबात पटलं नाई." आजारपणात बाबांना असं कुणी धुडकावलं नव्हतं. ते खूश व्हायचे.

एकदा बाबा म्हणाले की खाटेवरून खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं. दोन दिवसांनी रफिकभाई छिन्नी घेऊन हजर. खिडकी खाली उतरवायचं काम निघालं होतं. पुण्याहून मुलगा फोनवर ओरडत होता, ते आम्हालाही ऐकू येत होतं. "भाडेकरू राहत असताना कुणी भिंत फोडतं का?"

"मंग कवा फोडू?" बाई म्हणाल्या. "ते गेल्यावर कोन पाहीन त्यातून?"

त्यानंतर बाबांना गल्ली दिसू लागली. शेळ्या, भाजीची गाडी, मंदिराचा रस्ता विचारत येणारी माणसं. एका थंडीतल्या दुपारी ते त्या खिडकीकडे तोंड करूनच गेले. सिस्टरबाई जवळ होत्या. त्यांनी बाबांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि ती बराच वेळ उचलली नाहीत. त्यांना कधीच कळलेलं होतं. आम्ही कळून घ्यावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

तेरावं झाल्यावर गल्लीत कुजबुज सुरू झाली. आता खालची खोली जाणं कठीण म्हणे. मला अवघडल्यासारखं झालं. मी बाईंना म्हणालो, "आम्ही दुसरीकडे बघतो. तुम्ही घराची शांत वगैरे करून घ्या."

"काहून? पानी थांबून राह्यलं का न्हानीत?"

"नाही."

"मंग?"

आम्ही राहिलो. पुढं दीड-दोन वर्षांनी माझी पुन्हा अमरावतीला बदली झाली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या, आणि टाकीची झाकणं पाहायला वर निघून गेल्या. सामान टेम्पोनं पुढं गेलं. निघायच्या वेळी वरच्या दाराला कुलूप. सुनीताला वाईट वाटलं. किल्ली रफिकभाईंकडे दिली आणि आम्ही स्टँडवर आलो.

बाकावर सिस्टरबाई बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी.

"तुम्ही इथं?"

"आसेगावले चालली. बहिनीकडं." त्यांनी पिशवीतून एक डबा काढून सुनीताला दिला. "हे सहजच केलतं. मेथीचे पराठे."

आसेगावची गाडी लागली. मी म्हणालो, "बाई, तुमची गाडी."

त्यांनी मान वळवून पाहिलं. अर्ध्याहून जास्त गाडी रिकामी होती. "भीड आहे," त्या म्हणाल्या. "मागच्यानं जाईन." गाडी निघून गेली.

आमची गाडी आली. बाईंनी आमची जड बॅग स्वतः चढवली आणि खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या. सुनीता खिडकीतून वाकली. ती म्हणाली, "बहिणीला आमचा नमस्कार सांगा."

"कोनत्या बहिनीले?" बाई म्हणाल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रिकामी पिशवी छातीशी धरली, आणि गाडी हलल्यावर म्हणाल्या, "सांगीन."