खींप, सिणिया आणि फोग

भर पावसात कुंडीवर छत्री धरून स्वतः भिजत उभी असलेली बाई रत्नागिरीत कुणाला दिसली, तर त्या आमच्या शेजारच्या साळवीकाकू समजाव्यात.

कुंड्या तीन. तिन्हींत पानं नसलेली, नुसत्या हिरवट काड्यांची झुडपं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सरळ विचारलं होतं, "काकू, कुंडीत खराटे का खोचलेत?" काकू रागावल्या नाहीत. त्यांनी मला पडवीत बसवलं आणि तिन्ही झुडपांची एकेक काडी हातात दिली.

"नीट बघ गो. घाई करू नको."

मी नीट बघितलं. काड्या होत्या.

मग काकूंनी समजावलं. ही राजस्थानच्या वाळवंटातली झुडपं. साळवीकाका तिकडे रस्ते बांधणाऱ्या खात्यात होते, त्यामुळे काकूंचा ऐन संसार बाडमेरच्या बाजूला झाला. खींपाची काडी सरळ, शेंग लांब आणि बारीक. सिणियाच्या काड्या एकमेकींत गुंतलेल्या, फूल पिवळं, शेंग फुगीर. आपल्याकडे रानात खुळखुळा उगवतो ना, त्याची ती बहीण. आणि फोगाची काडी पेरापेरांची. "डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं," काकू म्हणाल्या. मला उघड्या डोळ्यांनीही कळलं नव्हतं.

आळीत नवं माणूस आलं की काकू त्याची परीक्षा घेत. काड्या ओळखल्याशिवाय चहा पुढे येत नसे. गॅसचा सिलिंडर आणणारा तिन्ही बरोबर ओळखायचा, त्याला चहाबरोबर लाडूही मिळे. आमचे हे मात्र दर वेळी नापास होत आणि घरी येऊन चहा मागत. एकदा आम्ही काकूंना गाडीतून आरे-वारेला नेलं. सगळे समुद्र बघत होते. काकूंनी डोंगराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळं आपलं हिरवंच. यात बघायचं काय?"

झुडपांचा विषय निघाला की साळवीकाका पिशवी घेऊन मासळीबाजारात निघून जात. विषय रोजच निघे, त्यामुळे त्यांच्याकडे मासळी जरा जास्तच असे.

आमची हवा त्या झुडपांना मानवणारी नव्हती. तिकडची एक जुनी शेजारीण बी पाठवायची. काकू किनाऱ्यावरची वाळू आणायच्या, मीठ जावं म्हणून ती तांदळासारखी धुवायच्या, दिवाळीत बी पेरायच्या. होळीपर्यंत झुडपं तरारून येत आणि पावसाळ्यात मुळापासून कुजत. दिवाळी आली की काकू पुन्हा वाळू धुवायला बसत.

यंदा आषाढात पाऊस उघडलाच नाही. छत्रीनेही काही भागलं नाही. मी गेले तेव्हा काकू पडवीत बसून कुजलेली मुळं हाताने काढत होत्या. काका पलीकडे खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. इतक्या पावसात बाजाराला जाणार कुठे? काकूंना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, जाऊ द्या आता, इथे जगेल असं दुसरं काहीतरी लावू.

काकू मुळं काढता काढताच बोलू लागल्या. इतक्या वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांना तिकडे एक मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आतच ती तापाने गेली. काकू स्वतः तापात पडून होत्या, त्यांना उठवतही नव्हतं. इतक्या लहान मुलाला पुरतात. काका आणि त्यांच्याबरोबरची माणसं तिला घेऊन गेली. परत आल्यावर काकांनी सांगितलं, एका झुडपाखाली ठेवलं तिला. पानं नसलेलं, काड्याकाड्यांचं झुडूप.

"बरी झाल्यावर मी बाहेर पडले," काकू म्हणाल्या. "बघते तर सगळं रानच काड्याकाड्यांचं."

शेजारणीला धरून त्या एकेक झुडूप ओळखायला शिकल्या. यातलं कुठलं असेल ते कळेना, म्हणून मग तिन्हींपाशी जाऊन बसायच्या. बदली होईपर्यंत बसत होत्या.

तेवढ्यात काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मी तिथवर गेलोच नव्हतो," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, काकूंकडे बघत. "माझे पायच उचलेनात. सडकेवर पाठ करून उभा राहिलो. बाकीचे गेले आत. तू विचारलंस तेव्हा काहीतरी सांगायला हवं, म्हणून झुडूप सांगितलं."

काकूंचा हात थांबला नाही.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "त्या रानात चार पावलं टाकली तरी पायजमा कुसळांनी भरतो. तुमच्या पायजम्याला एक कुसळ नव्हतं. बरी झाल्यावर मीच धुतला ना तो."

काका हळूच म्हणाले, "मग कधी बोलली का नाहीस?"

काकूंनी चिखलाचे हात पदराला पुसले, उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेल्या आणि त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस सारखे केले.

"काय बोलायचं?" त्या म्हणाल्या. "किती पोर होतात हो तुम्ही तेव्हा."