हेडूबायचं सुतक

"अकरा भाग!" कल्पिताने जाहीर केलं. "अकरावा भाग संपेल तेव्हा मनुआत्या स्वतःच्या हाताने माझी बॅग भरेल. लिहून घ्या, बाबा!"

काळूरामने काही लिहून घेतलं नाही. तो पायाची नखं कापत होता.

रेवसच्या अलीकडे, खारेपाटातल्या या घरात गेला आठवडाभर एकच विषय होता. कल्पिताला जर्मनीतल्या एका विद्यापीठात पाण्यातल्या क्षारांचा अभ्यास करायला प्रवेश मिळाला होता. आजोबांची हयात मिठागरात गेली, आणि नात मीठ शिकायला सहा हजार किलोमीटर जाणार! होकार कळवायला एकवीस दिवस उरले होते. पण घरात होकार देण्याचा अधिकार एकट्या मनुआत्याकडे होता. काळूरामचे सहा ट्रक रोज शंभर टन माल इकडचा तिकडे हलवत, पण या थोरल्या विधवा बहिणीला तिच्या मतावरून सुतभर हलवणं त्याला कधी जमलं नव्हतं. शिवाय कल्पिताची आई गेल्यापासून आत्याच तिची आई होती.

आत्या 'नाही' म्हणत नव्हती. ती म्हणायची, "कंचे लोक ते? वलख न्हाय, पालख न्हाय. पोर कुनाच्या दारात धाडू?"

ओळख करून द्यायची एवढंच ना! कल्पिताने एक जर्मन मालिका शोधली. एक खेडं, एक शेतकरी कुटुंब, चार पिढ्या. एकेक भाग दीड तासाचा. तिने स्वतः पहिले दोन पाहिले होते आणि ती खूश झाली होती. दोन नमुन्यांवरून अकरांचा निष्कर्ष काढू नये, हे तिनेच कॉलेजात ज्युनिअर मुलांना दरडावून सांगितलं होतं. पण प्रयोग आपल्या घरात असला की माणसाचं शास्त्र जरा सैल पडतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर पहिला भाग लागला. प्रेक्षक तीन: आत्या, बाबा आणि धर्माकाका. धर्माकाका हा घरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, तरुणपणी बारा वर्षं बोटीवर होता. पडद्याखाली इंग्रजी ओळी येत होत्या, त्यांचं मराठी कल्पिता करून सांगत होती.

प्रयोग अपेक्षेपेक्षा दहापट यशस्वी! पडद्यावर हेडविग नावाची सून गवत कापत होती.

"इळा कसा धरलाय बग!" आत्या ओरडली. "अगं बाय, बोट जाईल!"

मग हेडविगची गाय अडली. आत्या उभी राहिली. वासरू सुखरूप बाहेर पडलं तेव्हा तिने पडद्याला हात जोडले. दुसऱ्या भागात हेडविगला मुलगा झाला, योहान, आणि नवरा लढाईत गेला. आत्याने पदर डोळ्याला लावला.

"माज्यासारखीच हाय ही. आजपासून हेडू माजी बहीन!"

"रोज बटाटेच खातात पन," धर्माकाका म्हणाला.

"गरीब हाय ती, धर्मा! तोंड आवर."

कल्पिताने मनातल्या मनात बॅगेची चेन लावली.

तिसऱ्या भागात योहान मोठा झाला, हुशार निघाला आणि शिकायला शहरात निघाला. आईला म्हणाला, दोन वर्षांत परत येतो. तिन्ही माना एकदम कल्पिताकडे वळल्या. ती पंख्याकडे बघू लागली.

चौथ्या भागात दोन वर्षं उलटली. योहान आला नाही. पाचव्यात तो अमेरिकेला गेला! होकार कळवायला चौदा दिवस उरले होते. कल्पिताने आयुष्यात पहिल्यांदाच निरीक्षणात फेरफार केला.

"योहान म्हणतोय, काम फार आहे. पण दर आठवड्याला पत्र लिहितो."

पडद्यावर हेडविग फाटकात उभी होती. पोस्टमन सायकलवरून आला, मान हलवली आणि पुढे गेला.

"मग पत्र का न्हाय दिलं?" आत्याने विचारलं.

"आज रविवार आहे, आत्या. तिकडे रविवारी पत्रं वाटत नाहीत."

"मग पोस्टमन काय हवा खायला आला?"

धर्माकाकाला ठसका लागला. बोटीवर शिकलेलं इंग्रजी खालच्या ओळींपुरतं त्याला येत होतं.

तिथून पुढे कल्पिताची मालिका वेगळी आणि पडद्यावरची वेगळी. हेडविग रडली की कल्पिता म्हणे, "कांदा कापतेय." हेडविग रिकाम्या खुर्चीसमोर ताट मांडून बसली की, "योहानने नवीन खुर्ची पाठवलीय." सातव्या भागापर्यंत तिच्या योहानने आईला तीन स्वेटर, एक रेडिओ आणि दोन गायी धाडल्या होत्या. पडद्यावरचा गोठा मात्र रिकामाच!

आठव्या भागात हेडविग गेली.

"झोपली," कल्पिता म्हणाली.

"खोक्यात?"

"तिकडे थंडी फार असते, आत्या."

लोक खोकं खांद्यावर घेऊन चालू लागले. काळूरामने डोळे पुसले. धर्माकाकाला आता राहवेना.

"मनुताय, खाली लिवलंय... पोरगा मयतीलाबी न्हाय आला."

आत्या उठली, टीव्ही बंद केला आणि आंघोळीला गेली. ओल्या केसांनी बाहेर येऊन तिने हुकूम सोडला, "मानलेली बहीन व्हती. तीन दिवस सुतक! घरात मासली शिजनार न्हाय."

काळूराम हादरला. फ्रीजमध्ये चार किलोचा जिताडा होता! "अगं ताय, नाटकातली बाई ती! पैसे घेऊन मेली!"

"मला कलतं नाटक हाय ते. तू रडलास ते पन नाटक व्हतं का?"

काळूराम वरणभात जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाडीलगतच्या खाजणाच्या बांधावर पान मांडलं. भाताचा पिंड आणि शेजारी, हेडूबायची आवड म्हणून, उकडलेला बटाटा. समोर ट्रकच्या टपावर कावळे बसले होते, सात. एकही हलेना. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली.

"शेजारी सुकट वाळत घातलीय," कल्पिता म्हणाली. "कावळ्यांची पोटं भरलेली असणार. दुसरी शक्यता अशी की..."

"गप! तिची इच्छा अडकलीय."

काळूराम पुढे झाला. "हेडूबाय, तुजी गाय आमी सांभालू!" कावळे ढिम्म. धर्माकाका म्हणाला, "गवत कापून देऊ!" एका कावळ्याने पंख खाजवले.

"जीव पोरात हाय तिचा," आत्या म्हणाली. "कल्पे, तू बोल. तुलाच तिची भाषा येते."

कल्पिता बांधावर उभी राहिली. भाषेच्या क्लासमध्ये तिला स्टेशनवर तिकीट मागायला आणि डॉक्टरला पोटदुखी सांगायला शिकवलं होतं, मेलेल्या बाईशी बोलायला नाही. तिने जमेल तसं जर्मनमध्ये सुरू केलं. मी तुमच्या योहानला शोधीन. आई वाट बघत होती, असं त्याला सांगेन. मग का कोण जाणे, ती थांबेना. मीसुद्धा घर सोडून निघालेय, ती म्हणाली, पण मला माझ्या आत्याची फार आठवण येणार आहे, आणि हे तिला तोंडावर सांगायला मला जमत नाही.

एक कावळा खाली उतरला. भाताला शिवला आणि बटाटा घेऊन उडाला.

"काय बोललीस?" आत्याने विचारलं.

"योहानला शोधीन म्हटलं."

"मेलेल्या बाईला वचन दिलंस! मग आता जायलाच लागेल."

कल्पिता बांधावरून पडता पडता वाचली. घरी जिताडा शिजला. आत्या म्हणाली, "उरलेले भाग लाव. पोरगा हल्ली कुठं ऱ्हातो ते बगून ठेव."

नववा भाग लागला. पहिल्याच दृश्यात बसमधून एक म्हातारा उतरला, टोपी काढली आणि हेडविगच्या फाटकात येऊन उभा राहिला. योहान! स्वतःच्या पायांनी घरी आलेला!

कल्पिताने हातातला घास परत ताटात ठेवला. योहान आला, वचन फिटलं. आता जायचं कशाला?

"हा... हा शेजारी आहे," ती म्हणाली. "दूध मागायला आलाय."

"व्हय," धर्माकाका घाईघाईने म्हणाला. "खाली तसंच लिवलंय. दूध."

आत्याने माशाचा काटा शांतपणे ताटाच्या कडेला ठेवला.

"खाली योहानचं नाव लिवलंय. ट्रकचे कागद वीस वर्सं कोन वाचतंय, तुजा बाप? पाचव्या भागापासून बगते मी. दोन गायी काय, स्वेटर काय!"

कल्पिता कानापर्यंत लाल झाली. "मग... मी जाऊ नको?"

"जा की! मला घोर येवडाच व्हता, की पोर भोली हाय, परक्या देशात कुनीपन फसवेल. आता त्या लोकांचीच कालजी वाटते!"

काळूराम हसता हसता ताटावर वाकला. आत्याने जिताड्याचा मोठा तुकडा कल्पिताच्या ताटात वाढला.

"आनि फोन रोज करायचा. 'आत्या, सगलं मस्त चाललंय' म्हनालीस, की दुसऱ्या दिवशी धर्माला घेऊन मी तिकडं हजर!"